चार ठिपक्यांचा चाकू

प्रश्न : आजोबांच्या लाकडी पेटीत घडीचे दोन चाकू सापडले. एकाची मूठ लाल आहे आणि तिच्यावर ढालीत क्रॉस आहे. दुसऱ्याची मूठ हाडाची, पात्यावर ‘केस एक्सएक्स’ असा ठसा आणि चार ठिपके. क्रॉसवरून पहिला किती जुना ते कळेल का? आणि दुसऱ्यावरचे ठिपके म्हणजे दर्जाची खूण का?

उत्तर : आधी ठिपके घेतो, कारण तिथे मला नेमकं काही सांगता येतं. दर्जाशी त्यांचा काही संबंध नाही. ती वर्षांची मोजणी आहे आणि तीही उलटी. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने 1970 मध्ये नावासोबत दहा ठिपके उठवले आणि दरवर्षी एकेक कमी करत नेला. म्हणजे तुमचे चार ठिपके 1976 चे. पण थांबा! 1980 ला ठिपके संपल्यावर कंपनीने पुन्हा दहापासून उतरती मोजणी सुरू केली, त्यामुळे 1986 लाही चारच ठिपके येतात. दोन्हींतला फरक ठिपक्यांत शोधू नका, ‘केस’मधल्या ‘एस’ अक्षरात शोधा. 1980 पासूनचा ‘एस’ वीज चमकावी तसा कोनेदार आहे, आधीचा साधा वळणाचा. भिंग घेऊन बसा, एका मिनिटाचं काम आहे.

एकही ठिपका नसता तर तुमचा चाकू बहुधा त्याहून जुना निघाला असता. 1965 ते 1969 या काळात नावाखाली ‘यू.एस.ए.’ एवढंच असे, 1940 ते 1964 मध्ये तेही नाही, नुसतं ‘केस एक्सएक्स’. त्याच्याही आधी ‘टेस्टेड एक्सएक्स’. हे सगळे ठसे कुठे असतात ते माहीत हवं. पातं पूर्ण उघडलं की धार संपते तिथून मुठीपर्यंत एक लहानसा सपाट तुकडा उरतो. त्याला टँग म्हणतात. आम्ही संग्राहक चाकू हातात घेतला की मूठ बघायच्या आधी तोच तुकडा बघतो. मुठीवरचं चिन्ह दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी असतं, टँगवरचा ठसा कारखान्याची नोंद असतो.

लाल चाकूच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने ढालीतला क्रॉस 1909 मध्ये आपलं चिन्ह म्हणून नोंदवला. त्याच वर्षी त्याची आई वारली आणि तिचं ‘व्हिक्टोरिया’ हे नाव त्याने मालाला दिलं. 1921 च्या सुमारास गंज न चढणारं पोलाद आलं, त्याचं फ्रेंच आखूड नाव ‘इनॉक्स’. दोन्ही नावं जोडली आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालं. ढाल मात्र आजही ढालच आहे, त्यामुळे नुसत्या तिच्यावरून वय सांगणारा माणूस अंदाजच ठोकत असतो. टँग पाहा आणि ठशातला मजकूर जसाच्या तसा कळवा. एक तपासणी मात्र आत्ताच करून टाका : क्रॉस ढालीऐवजी गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात असेल, तर चाकू वेंगरचा. तो स्वित्झर्लंडमधल्याच डेलेमाँ गावचा, दुसरा चाकू कारखाना. दोघेही स्विस सैन्याला चाकू पुरवत. 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली.

खूण न बदलण्याच्या हट्टीपणात फ्रान्सचा चाकूकार ओपिनेलही काही कमी नाही. 1909 पासून पात्यावर तोच मुकुटाखालचा हात. हात सँ-ज्याँ-द-मोरिएन या गावाच्या मानचिन्हातला, मुकुट साव्हॉयच्या सरदारघराण्याचा. मला हा हात फार आवडतो, हे उगाच सांगून ठेवतो.

प्रश्न : तिसरा एक चाकू आहे. त्याच्यावर चांदणी, क्रॉस आणि ‘रॉजर्स, शेफिल्ड’. काकांच्या मते ही खूण 1682 ची, म्हणजे चाकू तीनशे वर्षांचा.

उत्तर : खूण 1682 ची, हे काकांचं बरोबर. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकूकारांच्या संघाने ती तेव्हा दिली. पण खूण वंशपरंपरेने चालते, चाकू चालत नाही. ‘रॉजर्स’च्या आसपास मुकुट आणि दोन अक्षरं आहेत का पाहा. ‘व्ही आर’ असेल तर ती राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं. शिवाय देशाचं नाव शोधा. 1890 च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालावं लागे, म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द असला तर चाकू बहुधा त्यानंतरचा. नसला तर मात्र उलटा निष्कर्ष काढू नका, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता.

तिन्ही चाकूंना एक विनंती लागू. पॉलिश करू नका. माझा पहिला ‘केस’ चाकू मी हौसेने बफाच्या चाकावर धरला होता. पातं आरशासारखं झालं आणि ठिपके गेले. सहा होते की सात, ते आता मलाही सांगता येत नाही. ठसा पुसट असेल तर त्यावर बोटाने खडूची पूड चोळा, वरची फडक्याने हलकेच टिपा आणि दिवा बाजूने तिरका धरा. खाचांत राहिलेली पांढरी पूड अक्षरं दाखवते. तसाच फोटो काढून पाठवा.