वारीच्या पायांना ॲपलेशियन ट्रेल जमेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 63. मे महिन्यात मुलाकडे न्यू जर्सीला येते आहे. तिथून ॲपलेशियन ट्रेल नावाची पायवाट जाते आणि लोक तिच्यावर महिनोन्‌महिने चालतात, असं नातीने सांगितलं. मला निदान एक दिवस तरी चालायचंय. आळंदी ते पंढरपूर दोनदा पायी केलंय. पण मुलगा म्हणतो, “आई, तिथे अस्वलं असतात, नको ते धाडस.” जमेल का मला? आणि बूट कोणते घेऊ?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, नमस्कार. जमेल. दिवेघाट चढून सासवड गाठलेल्या पायांना जाऊन-येऊन बारा किलोमीटरचं काय कौतुक! फरक एवढाच, की वारीत मान वर करून अभंग म्हणत चालता येतं. इथे मान वर केली की ठेच लागलीच. वाटेवर दगड, दगडांवर झाडांची मुळं, आणि त्यातले काही दगड पाय ठेवल्यावर हलतात. चढ नुसता दमवतो, गुडघे काढतो तो उतार. म्हणून बुटांच्या आधी दोन काठ्या घ्या.

बुटांचं म्हणाल, तर एमा गेटवुड नावाच्या आजीबाई 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यापासून उत्तरेकडच्या मेन राज्यापर्यंत ही अख्खी वाट एकट्याने चालल्या. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. अकरा मुलं वाढवलेली बाई! ही वाट 14 राज्यांतून जाते, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. तेव्हा मुलाला अस्वलांच्या आधी या आजींची गोष्ट सांगा. तुम्ही मात्र पकड असलेले, पायाला सरावलेले बूट घाला. नवे कोरे घालून थेट डोंगरावर नको.

मी सुचवेन तो दिवस डेलावेअर वॉटर गॅपपासून, म्हणजे डेलावेअर नदीने डोंगरात पाडलेल्या खिंडीपासून, सनफिश तळ्यापर्यंतचा. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून गाडीने सव्वा-दीड तास. शनिवार-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं, उजाडता निघा. सुरुवातीला हायवेवरच्या ट्रकची घरघर ऐकू येते आणि वाटतं, यासाठी आलो का? डनफील्डच्या ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून थोडं आत गेलात की ती विरते. मग झाडांवर पांढरे पट्टे दिसत राहतात, दोन इंच रुंद, सहा इंच उभे. तीच आपली वाट. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं. निळा पट्टा म्हणजे फाटा. एकदा मी आणि मैत्रीण उकडीच्या मोदकांच्या पाऱ्या का फाटतात यावर बोलत बोलत पट्टे बघायलाच विसरलो आणि अर्धा तास भलतीकडेच उतरलो. दहा मिनिटांत पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटचा पट्टा दिसला होता तिथपर्यंत मागे फिरा.

सहा किलोमीटर आणि हजारेक फूट चढल्यावर तळं येतं. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेलं, पाणी काचेसारखं. साठच्या दशकात इथे वीज साठवण्यासाठी जलाशय करायचा घाट घातला होता. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस लोकांना घेऊन इथवर चालत आले होते, या बेताला विरोध करायला. तळं वाचलं. काठावर बसून डबा खा, पण पाण्यात उतरायची परवानगी नाही.

वाटेत चहाची टपरी नाही, पाण्याचा टँकर नाही, “माउली, घ्या” म्हणून केळं पुढे करणारं कोणी नाही. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या. ओढ्याचं पाणी गाळून-शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

पहिल्यांदा गेले तेव्हा तळ्याकाठी संत्र सोललं आणि साल झुडपात टाकली. कुजतेच की, असा आपला हिशेब. शेजारी एक मुलगी बूट काढून तळव्याच्या फोडाला पट्टी लावत होती. जॉर्जियाहून निघालेली, तीन महिने चालत होती. ती लंगडत उठली, झुडपातून साल वेचली आणि काही न बोलता स्वतःच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. वर हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने डबा पुढे केला. चार थालीपिठं तिने उभ्याउभ्याच संपवली, लोणी बोटाने चाटून.

आता अस्वलं. आहेत. पंधरा वर्षांत मला दोनदा दिसली, दोन्ही वेळा पाठमोरी. दिसलं तर पळायचं नाही, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचं. बडबड ऐकून ती सहसा स्वतःच निघून जातात, तिथे आपल्याला अडचण नाही. मला खरी धास्ती गोचिडीची. खसखशीएवढी असते आणि लाइम नावाचा आजार देते. फिक्या रंगाची पँट घाला, पायमोजे पँटवर ओढा. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली नीट बघा. सून नसेल तर आरसा धरा.

शक्यतो जूनच्या उत्तरार्धात जा. लांबून चालत येणारी ही मंडळी साधारण तेव्हाच न्यू जर्सीत पोचू लागतात आणि सगळी कायम भुकेली असतात. थालीपिठं चार जास्तच लावा.