व्यसनमुक्तीला नेलं तर मुलावर केस होईल का?

मी व्यसनमुक्तीची समुपदेशक, हा प्रश्न मला फोनवर आवाज बारीक करून विचारतात. कधी आई विचारते, कधी मामा, कधी मोठी बहीण, आणि हल्ली तर कॉलेजची मुलं स्वतःच विचारतात की मॅडम आम्ही उपचाराला आलो, रजिस्टरमध्ये नाव लागलं, तर ते पोलिसांकडे जातं का, मग पासपोर्टचं काय, सरकारी नोकरीचं काय, लग्नाचं काय. इतक्यांदा ऐकलंय की आज एका घराची गोष्ट सांगून नीट लिहिते. नाव, गाव, कॉलेज सगळं बदललंय आणि बरेच महिने चाललेलं बोलणं थोडक्यात आणलंय.

मुलाला निखिल म्हणू. पुण्यात इंजिनिअरिंगला, मित्रांसोबत रूम करून राहणारा. सुरुवात गांजाने, मग एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर. सुट्टीत घरी आला तेव्हा आईने धुवायला काढलेल्या जीन्सचा तो छोटा खिसा असतो ना, त्यात नखाएवढी झिपवाली पुडी सापडली, आत पांढरट चुरा. आई तालुक्याच्या गावाहून भावाला घेऊन माझ्याकडे आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मी ती पुडी संडासात टाकून पाणी सोडलं. आता पुरावा नष्ट केला म्हणून मला पण धरतील का?"

मी म्हटलं, "ताई, ते बोलूच. तो जेवतोय का?"

त्या थांबल्या. "चार घास पण नाही हो. रात्रभर जागाच असतो, आणि डोळा लागला की दात खातो, पलीकडच्या खोलीत ऐकू येतं."

मामांचं म्हणणं वेगळं होतं. ओळखीचे साहेब आहेत, दोन दिवस आत टाकायला सांगतो, सुतासारखा सरळ होईल. असे मामा, काका मला खूप भेटतात आणि त्यांचा जीव पोरासाठी तुटत असतो हे मला दिसतं, पण मी त्यांना स्पष्ट सांगते की एकदा एफआयआर झाला की तो ओळखीच्या साहेबांच्या पण हातात राहत नाही. धाक दाखवायला म्हणून कायदा वापरता येत नाही.

आता कायदा काय आहे ते सांगते, कारण बहुतेक घरांमध्ये तो ऐकीव असतो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरायला लागली, म्हणजे अल्प मात्रा, व्यावसायिक मात्रा आणि मधली मात्रा. गांजा १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोच्या वर व्यावसायिक, पण एमडीला हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्पला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. व्यावसायिकला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि जामीन मिळणं महाकठीण. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ आहे, गांजाला ६ महिन्यांपर्यंत, कोकेन हेरॉइनला १ वर्षापर्यंत. होळीला भांग चालते मग गांजा का नाही असं मुलं विचारतात, तर झाडाची नुसती पानं या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, शेंडे फुलं येतात, एवढंच. आणि भांगेला पण आपल्या राज्यात दारूबंदी कायदा लागतोच.

हे ऐकून त्या माउलीचा चेहरा पांढरा पडला. मग मी त्यांना त्याच कायद्यातलं कलम ६४ए सांगितलं, जे दुर्दैवाने कोणीच सांगत नाही. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं चक्क लिहिलंय. अट एक, उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि गुप्ततेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-ड्रग्जच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत, त्यामुळे त्या पेशंटला माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. कोर्टाचा आदेश किंवा कुणाच्या जिवाला धोका असे थोडे अपवाद आहेत, पण पेशंट आला की पोलिसांना यादी पाठवायची असली काही पद्धत नाही.

"मग ह्याच्या बाबांना सांगायची गरज नाही ना?" त्यांनी लगेच विचारलं.

इथे माझी एक अट असते आणि ती मी सोडत नाही. घरात ज्याच्यापासून लपवलंय त्याला आधी सांगायचं. माझा कामाचा पायाच तो आहे, मी एकट्या पोराकडे बघतच नाही, त्याच्याभोवती घरातले काय काय झाकून ठेवतायत ते बघते, कारण आई एक लपवते, बहीण एक लपवते, पोरगा सगळंच लपवतो आणि नशेला मोकळी जागा मिळते. पुष्कळ सहकारी म्हणतात आधी पेशंट स्थिर करा, घरच्यांचं नंतर. माझा अनुभव उलटा आहे. बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले वगैरे काही नाहीत, दुसऱ्या दिवशी रजा टाकून निखिलला स्वतः घेऊन आले.

निखिल सुरुवातीला माझ्याशी वकिलासारखा बोलायचा. "मॅडम, मी फक्त घेतो. विकत नाही. शिक्षा विकणाऱ्याला असते."

बरीच सेशन्स आम्ही तिथेच फिरत होतो. मग एकदा मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं गेल्या महिन्यातला एक शनिवार लिही, सकाळपासून, काही न गाळता. त्याने लिहिलं. पाच जणांनी त्याच्या जीपेवर पैसे टाकले, हा बाईक घेऊन गेला, माल आणला, रूमवर सगळ्यांना दिला.

"किती होतं?"

"एकेकाचं एक ग्रॅम."

"आणि तुझं?"

"माझं पण एक."

मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात २ आणि ५० लिहिलं आणि ते आकडे काय आहेत ते सांगितलं. त्याने पेन उचलून स्वतः बेरीज केली, सहा. दोनच्या वर. परत केली, म्हणजे सहाला काय परत करायचं, पण केली. मग म्हणाला, "पण मला यात एक रुपया सुटला नाही मॅडम. आणि ते लोक काय काय मिसळतात त्यात, प्युअर सहा ग्रॅम थोडीच असतं."

मी म्हटलं, "नफा झाला का हे कायदा विचारत नाही रे, माल कुणाकडे सापडला ते विचारतो. आणि भेसळ धरून सगळं वजन मोजायचं असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय."

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मी मध्ये बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने बोलायची घाई केली की सगळं घालवतो. मग तो म्हणाला, "मागच्या दिवाळीतच ॲडमिट होणार होतो मी. माल देणाराच म्हणाला, वेडा आहेस का, तिकडे बोटांचे ठसे घेतात आणि पोलिसांना देतात. म्हणून नाही गेलो."

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत सांगते. ज्याचा धंदा या पोरांवर चालतो त्यानेच उपचाराची भीती घालून ठेवली होती, आणि घरी आईच्या मनात पण नेमकी तीच भीती होती. दोघं दवाखान्याला घाबरत होते, आणि ज्या शनिवारच्या बाईकच्या फेरीत खरंच १० वर्षांपर्यंतची शिक्षा होती तिची भीती कुणालाच नव्हती. मी निखिलला भीती काढून टाक म्हटलं नाही. ती जिथे असायला पाहिजे तिथे ठेव म्हटलं. त्याने विचारलं, "आता ॲडमिट झालो तर ते चौसष्ट ए मला लागेल?" सेवन आणि अल्प मात्रेपुरतं लागेल, सहा ग्रॅमसह धरला असता तर नसतं लागलं, हे मी त्याला सरळ सांगितलं. त्याच आठवड्यात तो ॲडमिट झाला. मधे एकदा बॅग भरून निघाला होता, तेव्हा बाबांनी फोनवर उपचार पूर्ण करायची अट आठवण करून दिली, राहिला. नंतर एकदा घसरला पण, आणि यावेळी ते लपवलं नाही, स्वतः आईला फोन केला. माझ्या दृष्टीने काम झालं ते तिथे. आता वर्ष वाया घालवून का होईना परत कॉलेजला जातोय, रूम बदलली, नंबर बदलला.

तुमच्या घरी असं असेल तर केंद्र निवडताना ते राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का आणि सरकारमान्य आहे का हे कागद बघून विचारा, कारण ६४ए कुठल्याही बंगल्यातल्या केंद्राला लागू होत नाही. ॲडमिशनचा कागद, डिस्चार्ज समरी जपून ठेवा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे. पुडी सापडली तर ती कपाटात जपून ठेवू नका आणि पोराला "परत नेऊन दे त्याला" असं तर अजिबात सांगू नका, वकिलाला विचारा. मुलांच्या रूमवर सगळे जमत असतील तर जागा माहीत असून वापरू देणं हा पण गुन्हा आहे, कलम २५. मुलगा १८ च्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि त्याला माल देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा तिथे गप्प बसू नका.

आणि केस आधीच झाली असेल तरी उपचार थांबवायचे नाहीत. सेवन किंवा अल्प मात्रेत दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडायचा अधिकार कलम ३९ ने कोर्टाला दिलाय, त्यासाठी वकिलाला मागणी करायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, आणि कोठडीत असलेल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो.