सकाळची बस आणि तशीच राहिलेली बशी

प्रश्न : मुलगा नववीत आहे. आम्ही सुदामानगरात राहतो, शाळा बायपासच्या पलीकडे. सव्वासहाला बस येते. रात्री बारापर्यंत त्याला झोप येत नाही. सकाळी हाका मारून माझा घसा बसतो. पोह्यांची बशी तशीच राहते. रविवारी दुपारपर्यंत झोपतो. सासूबाई म्हणतात, पोरगा आळशी झालाय. काय करू, डॉक्टरताई?
– एक आई, इंदूर

उत्तर : तो आळशी नाही. सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा. वयात येताना झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) पूर्वीपेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरतं, म्हणून दहाला दिवा घालवला तरी डोळा लागत नाही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. तुमच्या लेकाला जेमतेम साडेपाच मिळते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं, की या वयाची शाळा साडेआठच्या आत भरू नये. महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळेची वेळ नऊवर नेली, पण फक्त चौथीपर्यंत. नववी-दहावीचं कोण बघणार?

पोह्यांवरून रोज भांडू नका. भल्या पहाटे भूक नसतेच. निघताना कपभर दूध आणि हातात एक शेंगदाण्याचा लाडू, एवढं पुरे. खरी न्याहारी डब्यात द्या, पहिल्या सुट्टीसाठी : थालीपीठ, दशमी, चालत असेल तर उकडलेलं अंडं. पोहे गार झाले की चिवट होतात. ते रविवारी घरी, वर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरून.

मात्र रविवारी नऊच्या पुढे झोपू देऊ नका. दुपारी उठलेल्या मुलाला त्या रात्री झोप येईलच कशी? उठल्याबरोबर गच्चीवर उन्हात पाठवा. रात्री दहाला घरातले सगळे मोबाइल बैठकीत ठेवायचे, तुमचाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जायचंच तर शनिवारी जा.

आणि बस. मला खरा राग तिचा येतो. पहिल्या थांब्यावरचं मूल सगळं शहर फिरून शाळेत पोहोचतं, आणि वर्षभर तेच मूल पहिलं असतं. तुमच्या थांब्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून शाळेला लेखी अर्ज द्या : दर तिमाहीला मार्ग उलटा फिरवा. अर्जात प्रत्येक मुलाची बसमध्ये चढण्याची वेळ आणि शाळेची घंटा शेजारी-शेजारी लिहा. तोंडी तक्रार करू नका, ती विसरली जाते.