प्रश्नोत्तरे : सोळा कॅमेऱ्यांच्या सर्व्हरवरील भार कसा कमी करावा?

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. फाटक, वजनकाटा, कापसाच्या गंज्यांचे आवार, जिनिंगचा हॉल, गाठींचे गोदाम आणि कार्यालय येथे मिळून सोळा आयपी कॅमेरे लावले आहेत. सगळे १९२० गुणिले १०८० पिक्सेलचे असून सेकंदाला २५ फ्रेम देतात. सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेल्या संगणकावर उबुंटू व कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी झोनमाइंडर १.३६ ही प्रणाली चालते. सर्व कॅमेऱ्यांवर हालचाल ओळखण्याची सोय सुरू असून चित्रण एन्कोड करून, म्हणजे सर्व्हरवर पुन्हा दाबून, साठवले जाते. हंगामात बंड्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागली की प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर जातो आणि नेमके काट्यावरचे चित्रण तुटक येते. विक्रेता नवा सर्व्हर घेण्यास सांगतो. घ्यावा का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : सध्या घेऊ नये. आपल्या संगणकाची ताकद कमी पडते आहे हे खरे असले, तरी ती बहुतांश अनावश्यक कामात खर्च होते आहे, आणि ते काम तसेच ठेवून नवा सर्व्हर आणला तर चार कॅमेरे वाढताच तोही याच अवस्थेला येईल.

कॅमेऱ्यातून येणारे चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबलेले असते. ते जसे आले तसे डिस्कवर लिहिणे हे प्रोसेसरच्या दृष्टीने अगदी हलके काम आहे. खरा खर्च होतो तो चित्र उलगडण्यात, म्हणजे डीकोड करण्यात, आणि त्याहून मोठा खर्च होतो तेच चित्र पुन्हा एन्कोड करण्यात. बांधलेली गाठ गोदामात नुसती लावून ठेवण्याऐवजी ती सोडून, पिंजून पुन्हा प्रेसमध्ये घालावी, तसे आपला सर्व्हर आज प्रत्येक कॅमेऱ्याच्या बाबतीत करतो आहे. गर्दीच्या वेळीच तो कोलमडतो याचेही कारण हेच आहे : हालचाल दिसली की चित्रण सुरू होते, चित्रण सुरू झाले की एन्कोडिंग सुरू होते, आणि रांग लागलेली असताना अनेक कॅमेऱ्यांवर ते एकाच वेळी चालते. म्हणून झोनमाइंडरमध्ये साठवणुकीच्या पर्यायात ‘एन्कोड’ऐवजी ‘कॅमेरा पासथ्रू’, म्हणजे आलेले चित्र जसेच्या तसे साठवणे, निवडावे आणि प्रत्येक फ्रेमची वेगळी जेपेग चित्रे साठवणे बंद करावे. एवढ्या एका बदलाने फरक लगेच दिसेल.

यानंतर उरतो तो डीकोडिंगचा भार. हालचाल ओळखायची तर चित्र उलगडावे लागतेच, परंतु ते पूर्ण आकाराचे असण्याची गरज नसते. बहुतेक आयपी कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह देतात, मोठ्या चित्राचा मेन स्ट्रीम आणि लहान चित्राचा सब स्ट्रीम. आज आपला प्रोसेसर सोळा कॅमेऱ्यांचे मिळून दर सेकंदाला सुमारे ८३ कोटी पिक्सेल उलगडतो. सब स्ट्रीम ६४० गुणिले ३६० पिक्सेल आणि सेकंदाला ५ फ्रेम असा ठेवून हालचाल त्यावर तपासली, तर हा आकडा सुमारे १ कोटी ८४ लाखांवर येतो, म्हणजे पंचेचाळीसावा भाग. प्रोसेसरचा वापर अगदी त्याच प्रमाणात उतरणार नाही, कारण इतर कामेही असतात; पण माणूस किंवा बंडी फाटकातून आत आली हे कळण्यासाठी सेकंदाला पाच फ्रेम पुरेशा आहेत.

आपल्या आवृत्तीत यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन मॉनिटर (झोनमाइंडरमध्ये एका प्रवाहाच्या नोंदीला मॉनिटर म्हणतात) करावे लागतील. सब स्ट्रीमचा मॉनिटर ‘मोडेक्ट’ या हालचाल ओळखणाऱ्या प्रकारात ठेवावा. मेन स्ट्रीमचा मॉनिटर स्वतः हालचाल न तपासणाऱ्या ‘नोडेक्ट’ प्रकारात ठेवून पहिल्याशी जोडावा, म्हणजे पहिल्यावर हालचाल दिसली की याचे चित्रण सुरू होईल; त्यावर पासथ्रू निवडावे आणि त्याचे डीकोडिंग बंद करावे. डीकोडिंग बंद केलेल्या मॉनिटरचे थेट चित्र पडद्यावर दिसत नाही, परंतु थेट पाहण्यासाठी सब स्ट्रीम आहेच, आणि सोळा चौकोनांच्या पडद्यावर त्याहून मोठ्या चित्राचा काही उपयोगही नसतो. यादीत बत्तीस मॉनिटर दिसतील, त्याची काळजी करू नये. रॅमवरील ताणही यामुळे उतरतो : पूर्ण आकाराची एक फ्रेम ३२ बिट रंगात उलगडली की सुमारे ८.३ एमबी जागा घेते, तर सब स्ट्रीमची फ्रेम १ एमबीपेक्षाही कमी. ८ जीबी रॅममध्ये सोळा कॅमेऱ्यांच्या बफरला हा फरक फार मोठा आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना येथेच देतो. फ्रेमचा वेग कमी करायचा तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन करावा. झोनमाइंडरमधील ‘मॅक्झिमम एफपीएस’ (सेकंदाला कमाल फ्रेम) हा रकाना आयपी कॅमेऱ्यासाठी रिकामाच ठेवावा, कारण सर्व्हरने वेग रोखला तरी कॅमेरा पाठवायचे थांबत नाही. फ्रेम तुंबतात, चित्र मागे पडते आणि शेवटी तुटते. दुसरे म्हणजे, काही कॅमेऱ्यांत जागा वाचवण्यासाठी ‘स्मार्ट’ किंवा ‘प्लस’ प्रकारचे कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याच्या पद्धती, सुरू केलेले असतात, ज्यांत दोन पूर्ण फ्रेममधले (मधल्या फ्रेममध्ये केवळ बदल नोंदवलेले असतात) अंतर कमीजास्त होत राहते. पासथ्रूचे चित्रण पूर्ण फ्रेमपासूनच सुरू होऊ शकत असल्याने हे कोडेक बंद करावेत आणि पूर्ण फ्रेम दर एक-दोन सेकंदांनी येईल असे ठेवावे.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो : सोळाही कॅमेऱ्यांवर हालचाल ओळखण्याची गरज आहे का? जिनिंगच्या हॉलमध्ये दिवसभर यंत्रे फिरतात, रुई उडते, मजूर ये-जा करतात. तेथे हालचाल नाही असा क्षणच नसतो, त्यामुळे ती शोधण्यात काही अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी पासथ्रूने अखंड चित्रण करावे. वजनकाट्यावरही मी अखंड चित्रणच सुचवेन, कारण बंडी काट्यावर स्थिर उभी असताना हालचाल थांबते आणि नेमक्या वजनाच्या क्षणी चित्रण बंद पडण्याचा धोका राहतो. काट्यावरचे चित्रण जसे आपल्याला आधार देते तसेच वर्षभराचा कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही देते, तेव्हा त्यात तडजोड करू नये. मात्र जागेचा हिशेब आधी मांडावा : ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) प्रवाहाचा एक कॅमेरा अखंड चालला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. गोदाम, गंज्यांचे आवार आणि कार्यालय यांना रात्री हालचाल ओळखणे हवे, दिवसा नाही. झोनमाइंडरमध्ये दिवसाची आणि रात्रीची अशा दोन ‘रन स्टेट’, म्हणजे सेटिंगचे संच, तयार करून त्या वेळेनुसार आपोआप बदलता येतात. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे जमतात आणि खोट्या हालचाली वाढतात, म्हणून आवारात कॅमेऱ्यापासून दूर एक साधा दिवा लावणे चांगले.

आपल्या प्रोसेसरमध्ये इंटेलची क्विक सिंक ही चित्र उलगडणारी वेगळी यंत्रणा आहे आणि सहाव्या पिढीपासून ती एच.२६५ सुद्धा हाताळते. ती वापरता येईल. परंतु उलगडलेली फ्रेम तपासणीसाठी पुन्हा मुख्य स्मृतीत आणावी लागते आणि त्यालाही वेळ जातो, त्यामुळे लहान सब स्ट्रीमसाठी तिचा लाभ मर्यादित आहे. वरचे बदल आधी करावेत.

शेवटी, संगणकाचे झाकण उघडून पाहावे. जिनिंगमध्ये रुईचे तंतू प्रोसेसरच्या पंख्याखालील पात्यांत अडकून गादीसारखे बसतात. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की इंटेलचे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात आणि मग तेवढेच काम त्यांना जड होते. हंगामात दर पंधरवड्याला, वीज बंद करून, पंखा हाताने धरून ब्लोअरने सफाई करावी आणि सर्व्हर हॉलमधून कार्यालयात हलवावा.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील आमच्या राइस मिलमध्ये दहा कॅमेऱ्यांचा झोनमाइंडर सर्व्हर आहे. प्रोसेसरचा वापर वीस टक्क्यांच्या आतच दिसतो, तरी ‘लोड’चा आकडा चौदाच्या वर राहतो आणि जुने चित्रण उघडायला फार वेळ लागतो. प्रोसेसर बदलावा का?
— एक वाचक, तुमसर

उत्तर : आपला अडथळा बहुधा डिस्कचा आहे. लिनक्समधील लोडच्या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांबरोबरच डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात, त्यामुळे प्रोसेसर मोकळा असूनही हा आकडा चढू शकतो. ‘टॉप’ ही आज्ञा चालवून वरच्या ओळीतील ‘डब्ल्यूए’ची, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेची, टक्केवारी पाहावी, ती सतत मोठी असेल तर निदान पक्के समजावे.

अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. जेपेग साठवणे सुरू असेल तर प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल तयार होते आणि जुने चित्रण पुसताना अशा लाखो फाइली एकेक करून काढाव्या लागतात. ते बंद करावे. झोनमाइंडरचा डेटाबेस चित्रणाच्याच हार्ड डिस्कवर असेल तर तो लहानशा एसएसडीवर हलवावा, कारण सलग लिहिण्याच्या मधेमधे डेटाबेसच्या फुटकळ नोंदींसाठी डिस्कचे डोके सारखे इकडेतिकडे धावते. आणि डिस्क एसएमआर प्रकारची आहे का हे तिच्या मॉडेल क्रमांकावरून पाहावे : या प्रकारात माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर जुने पुसून नवे लिहिताना तिचा वेग फार घसरतो. तशी असेल तर ती केवळ जुन्या चित्रणाच्या संग्रहासाठी ठेवावी आणि रोजच्या चित्रणासाठी सीएमआर प्रकारची, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, डिस्क घ्यावी. प्रोसेसरला हात लावण्याची गरज मला दिसत नाही.