हर्ग, टर्फेनाडिन आणि तुझे मॉडेल

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे निकाल मिळाले. एखादा रेणू हृदयातील हर्ग या पोटॅशियम वाहिनीला (ती अडली की ठोक्यांची लय बिघडू शकते) रोखेल की नाही, हे तुझे संगणकी मॉडेल शंभरात नव्वदहून अधिक वेळा बरोबर सांगते, याचा तुला झालेला आनंद समजण्यासारखा आहे. मात्र चाचणीचे रेणू तू चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असशील, तर एकाच सांगाड्याची, म्हणजे एकाच मूळ गाभ्याच्या रचनेची, भावंडे प्रशिक्षणात आणि चाचणीत अशी दोन्हीकडे गेली असणार. म्हणजे पेपर आधीच फुटलेला होता. सांगाड्यानुसार विभागणी करून पुन्हा तपास. आकडा बहुधा घसरेल, आणि मला तोच पाहायचा आहे.

माझा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. टर्फेनाडिन हे झोप न आणणारे ॲलर्जीचे औषध 1985 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि भरपूर खपले. ते हर्ग वाहिनी जोरकसपणे रोखते, आणि तुझे मॉडेलही तसेच म्हणेल. मग असंख्य लोकांना ते पचले कसे? तोंडावाटे घेतलेले टर्फेनाडिन रक्ताभिसरणात पोहोचण्याआधीच सीवायपी 3ए4 हे विकर त्याचे जवळजवळ पूर्ण रूपांतर करते, आणि रक्तात प्रामुख्याने सापडते ते फेक्सोफेनाडिन, जे हर्गच्या फारसे वाटेला जात नाही. केटोकोनाझोल (बुरशीविरोधी) किंवा एरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) यांसारख्या औषधांनी हे विकर अडवले, की मूळ टर्फेनाडिन रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या रीतीने बिघडू शकतात. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेला, ही दोन्ही औषधे (टर्फेनाडिन आणि केटोकोनाझोल) घेणाऱ्या एका स्त्रीचा रुग्णवृत्तांत मिळवून वाच. त्यातील निर्णायक तपशील रेणूच्या रचनेत नाही, तिच्या औषधांच्या यादीत आहे. पुढे 1996 मध्ये फेक्सोफेनाडिनला मंजुरी मिळाली आणि जानेवारी 1997 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने टर्फेनाडिन मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. फेक्सोफेनाडिन आज आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळते.

उलट बाजूचे उदाहरण व्हेरापामिल या रक्तदाबाच्या व हृदयाच्या औषधाचे. तेही हर्ग रोखते, पण सोबत कॅल्शियम वाहिनीही रोखत असल्याने एका परिणामाला दुसरा बऱ्याच अंशी तोलून धरतो, आणि ठोक्यांचा तो बिघाड त्याच्याबाबतीत सहसा दिसत नाही. तुझ्या तक्त्यात ही दोन्ही औषधे ‘रोखतो’ या एकाच रकान्यात बसली आहेत. म्हणून प्रत्येक रेणूपुढे आणखी दोन रकाने घाल: वाहिनीचा प्रवाह निम्म्यावर आणणारी तीव्रता, आणि उपचाराच्या मात्रेत रक्तामध्ये प्रथिनांना न चिकटता मोकळी राहणारी औषधाची सर्वाधिक तीव्रता. पहिली दुसरीच्या निदान तीसपट असावी, हा 2003 पासून रूढ झालेला ठोकताळा आहे. त्याला ठोकताळाच मान.

हे करताना माहितीच्या प्रत्येक ओळीचा उगम पाहावा लागेल. केंबलसारख्या रेणूंच्या खुल्या माहितीसंग्रहात पॅच क्लॅम्पने (पेशीतील विद्युतप्रवाह थेट मोजण्याच्या तंत्राने) मोजलेले आकडे आणि रेणू वाहिनीला चिकटतो का एवढेच पाहणाऱ्या बंधनाच्या चाचणीतून आलेले आकडे शेजारीशेजारी असतात; पेशी वेगळ्या, तापमान वेगळे. मायक्रोमोलर आणि नॅनोमोलर या हजारपटीने वेगळ्या एककांची गल्लत माझ्या हातूनही झाली होती, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर उभारलेला आलेख फार देखणा दिसत होता! या तपासणीत काही आठवडे जातील. कंटाळवाणे काम आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नकोस.

दुष्परिणामांच्या स्वयंस्फूर्त नोंदींवरही मॉडेल चालवण्याचा तुझा विचार चांगला आहे. भारतात 2010 पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम अशा नोंदी जमवतो. फक्त एवढे ध्यानात असू दे की नोंदी किती आल्या हे कळते, औषध किती जणांनी घेतले हे त्या नोंदींतून कळत नाही. त्यामुळे त्यांतून संशय घेता येतो, प्रमाण काढता येत नाही.

पुढच्या भेटीला येताना नवा तक्ता आण, आणि मॉडेलने सर्वाधिक आत्मविश्वासाने चुकवलेले पाच रेणू कागदावर हाताने काढून आण. त्यांच्यावरच बोलू.

कळावे.