१४ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मार लागलाय, स्कॅन नॉर्मल आहे आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणतोय. शनिवारी सामना खेळू द्यावा का?

नाही. शनिवारी अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की मंगळवारी फुटबॉलच्या सरावात हेडर घेताना, म्हणजे डोक्याने चेंडू मारताना, त्याचं डोकं दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आपटलं. शुद्ध हरपली नाही, सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण वर्गात फळ्याकडे बघितलं की डोकं दुखतं. शनिवारी उपांत्य सामना आहे आणि कोच म्हणतात, ‘तोच ठरवू दे.’ या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे शेवटचं वाक्य. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शाळकरी मुलांच्या संघांबरोबर मैदानाच्या कडेला बसणं हे माझं काम आहे. निदान करणं डॉक्टरांचं काम, ते त्यांच्याकडूनच करून घ्या.

आधी स्कॅनचं बघू. सीटी नॉर्मल याचा अर्थ एवढाच, की कवटीला तडा गेलेला नाही आणि आत रक्तस्राव दिसत नाही. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. डोकं झटक्यात हलतं, आत मेंदूला हिसका बसतो आणि पेशींचं कामकाज काही दिवस विस्कळीत होतं. हा बिघाड नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. शुद्ध हरपली नाही यावरही विसंबू नका, कारण दहापैकी नऊ कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. (हेल्मेट घालणाऱ्या खेळांतले पालक मला ‘हेल्मेट होतं ना’ म्हणतात. हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदूला बसणारा हिसका थांबवायची खात्री ते देत नाही.)

लक्षणं लगेच दिसतात असंही नाही. २०१९ च्या अॅशेसमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, ते अनेकांनी पाहिलं असेल. तपासणी झाली, त्यात तो पास झाला, परत फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसू लागली आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. आयसीसीचा कन्कशन-बदलीचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. जगातल्या सर्वोत्तम वैद्यकीय पथकासमोर हे झालं. तुमच्या मुलाला तर लक्षणं आत्ताच आहेत. फळ्याकडे बघून डोकं दुखणं हे लक्षणच आहे.

आता ‘तोच ठरवू दे’. ऐकायला किती समजूतदार वाटतं! प्रत्यक्षात मुलावर यापेक्षा मोठं दडपण नसेल. चौदा वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘खेळशील का?’, तर त्याला ऐकू येतं, ‘संघाला दगा देशील का?’ तो ‘हो, खेळतो’ म्हणणारच. जागा जाण्याची भीती, मित्रांचे टोमणे, आपण नाटक करतोय असं कोणाला वाटेल ही लाज. कोणी ओरडावं लागत नाही. दडपण म्हणजे ओरडणारा कोच असं आपल्याला वाटतं, पण मी पाहिलेले बहुतेक कोच प्रेमळ होते आणि मुलं त्यांना नाराज करायला नको म्हणूनच दुखणं लपवत होती.

एक गोलकीपर मुलगी आठवते. डाइव्ह मारताना डोकं खांबावर आदळलं. आम्ही मैदानावर ठरलेले प्रश्न विचारतो: आत्ता कुठल्या मैदानावर आहोत, हाफ कितवा, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? पाचही उत्तरं तिने बरोबर दिली. मग हातमोजे घालायला लागली, तर डावा मोजा उजव्या हातात. काढला, बघितला आणि परत तसाच घातला. मी मागे वळलो, तर तिची जिवलग मैत्रीण माझ्या पाठीशी उभी राहून ओठांच्या हालचालीने तिला उत्तरं सांगत होती. त्या पोरीला मैत्रिणीचं वाईट करायचं नव्हतं. तिला वाटत होतं, ती मदत करतेय.

हे कुठवर जाऊ शकतं? कॅनडात ओटावाजवळची १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. आपल्याला कन्कशन झालंय अशी शंका तिला आली होती. तिने इंटरनेटवर शोधलं, मैत्रिणींशी मेसेजवर बोलली, पण मोठ्या माणसांपर्यंत ते पोचलं नाही. ती पुढचा सामना खेळली आणि वाचली नाही. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे फार क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंनाच. पुढे २०१८ मध्ये तिथल्या ऑन्टारिओ प्रांताने खेळातल्या कन्कशनबाबत तिच्या नावाने कायदा केला.

इतकं टोकाचं सोडा, साधा हिशोब बघा. २०१६ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात १२ ते १९ वयाच्या खेळाडूंचा एक अभ्यास आला. मार लागल्यावर लगेच बाहेर बसलेल्यांना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, खेळत राहिलेल्यांना ४४. कोचना हेच सांगा. एका सामन्यापायी अर्धा हंगाम घालवायची कोणालाच हौस नसते.

परत खेळायच्या सहा पायऱ्या आहेत: रोजच्या साध्या हालचाली, मग चालणं किंवा स्थिर सायकल, मग एकट्याने चेंडूबरोबर धावणं, मग धक्काबुक्कीविना सराव, मग पूर्ण सराव आणि शेवटी सामना. दर पायरीला किमान २४ तास. पहिल्या तिनांत डोकं थोडं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर चालतं. चौथीपासून मात्र लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. सुरुवातीचे एक-दोन दिवस आराम धरून सगळं सुरळीत गेलं, तरी पुढच्या मंगळवारच्या आत सामना बसतच नाही. मुलांना बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो, चार आठवड्यांपर्यंत. आधी शाळा पूर्ववत होऊ द्या, मैदान नंतर. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची पद्धत आता मागे पडली आहे. दोन दिवसांनंतर हलकं चालणं फायद्याचं असतं. मोबाइल मात्र पहिले दोन दिवस कमीच.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, हातपाय लुळे पडणं किंवा मुंग्या येणं, दोन-दोन दिसणं, मान दुखणं, गुंगी किंवा गोंधळ वाढणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या.

मुलाला आज रात्रीच सांगा, ‘तू खेळणार नाहीस, हे मी ठरवलंय.’ तो चिडेल, चिडू द्या. मित्रांसमोर त्याला ‘घरचे सोडत नाहीत’ म्हणता येईल, ही त्याची मोठी सोय आहे. कोचना फोन तुम्हीच करा, त्याला करायला लावू नका. डॉक्टरांकडे जाताना रोज सकाळ-संध्याकाळचं लिहून न्या: डोकं किती दुखलं, झोप कशी, चिडचिड, वाचताना त्रास. गोळी घेऊन दुखणं दाबलेलं असेल तर तेही लिहा, नाहीतर तो बरा वाटेल.

सामना बघायला जायचा हट्ट धरला तर नेऊ शकता. गोंगाटाने किंवा उन्हाने त्रास वाढला तर मध्यंतरातच घरी आणा.