ग्लायडरच्या एका दिवसावरून पायलट व्हायचं ठरवावं का?

नमस्कार ताई,

अकरावीची परीक्षा संपवून तुमचा मुलगा एप्रिलमध्ये मामाकडे इंग्लंडला गेला, तिथल्या ग्लायडिंग क्लबमध्ये प्रशिक्षकासोबत उडाला, आणि बिनइंजिनाचं ते विमान तासाभराहून जास्त वेळ वर राहिलं. नागपूरला परतल्यापासून त्याने पायलट होण्याचा धोशा लावलाय. हे खूळ आहे की करिअर, आणि एवढा पैसा कुठून आणायचा, असं तुम्ही विचारलंय.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दुपारी बारा वाजता सुटे-सुटे असलेले ढग तीनला एकमेकांना का चिकटले आणि मग सगळी ग्लायडर खाली का उतरली, हे तो सारखं विचारतो. विमानाचं वेड असलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात. ती वेगाबद्दल, युनिफॉर्मबद्दल बोलतात. तुमचा मुलगा हवेबद्दल बोलतोय.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला वाचून दाखवा. तिकडे ग्लायडिंगच्या हंगामाच्या सुरुवातीला असे दिवस येतात. थंड हवेची लाट नुकतीच येऊन गेलेली असते, वरची हवा गार असते, आणि एप्रिलच्या मध्यावर ऊन मात्र ऑगस्टअखेरच्या उन्हाइतकं कडक असतं. जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर निघते. तीच थर्मल. वर जाताना ही हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश थंड होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचा ढग होतो. ग्लायडर आजूबाजूच्या हवेत सतत खालीच येत असतं. ते सेकंदाला १ मीटर खाली येत असेल आणि हवा ३ मीटरने वर जात असेल, तर ते २ मीटरने चढतं. म्हणून थर्मलमध्ये गोल-गोल फिरत राहायचं. पण बाष्प जास्त असलं की ढग पसरून एक होतात, सावली पडते, जमीन तापायची थांबते आणि थर्मलही थांबतात. तीनला तेच झालं असावं.

हे पाहायला इंग्लंडच हवं असं नाही. मे महिन्यात आपल्या वावरात उठणारी वावटळ हा त्याच प्रकारचा खेळ. हवा कोरडी असल्याने वर ढग दिसत नाही, पण घारी बरोबर जागा शोधतात.

आता पैशाचं. ग्लायडिंगवर आपल्याकडे पोट भरत नाही, हे स्पष्ट सांगते. कमर्शियल पायलट लायसन्सला वयाची १८ वर्षं, बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो आणि नोकरीची हमी कुणी देत नाही. घर गहाण ठेवून या वाटेला जाऊ नका. एनडीएत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, उड्डाणाचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. तिथे वय साडेसोळा ते साडेएकोणीसच हवं, म्हणून तो फॉर्म यंदाच भरा.

दुसरी वाट हवामानशास्त्राची. बीएस्सी फिजिक्स, मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात एमएस्सी, पुढे हवामान खातं किंवा पुण्याचीच आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था. खर्च पायलटच्या तुलनेत किरकोळ. शिवाय पायलटच्या परीक्षेतही हवामानाचा पेपर असतोच, त्यामुळे हा अभ्यास कुठल्याच वाटेवर फुकट जात नाही. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ सुखरूप उतरवणारे कॅप्टन पिअरसन मुळात ग्लायडर उडवणारे होते, हेही त्याला सांगा. त्याचा तो दिवस वाया गेलेला नाही.

कोणती वाट त्याची, हे सुट्टीतच कळेल. आपल्या नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्रातून रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास फुगा सोडतात. उंचीनुसार तापमान किती होतं, याची त्या फुग्याने टिपलेली आकडेवारी इंटरनेटवर मोफत मिळते. ती पाहून आज घारी किती वाजता चढायला लागतील याचा अंदाज त्याने सकाळीच वहीत लिहावा आणि दुपारी गच्चीवरून पडताळावा. वही महिनाभर टिकली तर हवामानाकडे गंभीरपणे बघा. आठवड्यात कंटाळला, पण उडायची ओढ तशीच राहिली, तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनुसार त्याची क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. कर्जासाठी बँकेत त्यानंतरच जा.